अर्धं बोट आखूड

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तक्रार नको. मी खुर्ची आहे, लाकडाची आहे, तुमच्या आईवडिलांपेक्षा वयाने मोठी आहे आणि माझा मागचा डावा पाय अर्धं बोट आखूड आहे. माझ्यावर कुणी बसलं की मी टक् करते. बसणारा जरा पुढे झुकला की पुन्हा टक्. पाहुणे दचकतात, हातातला चहा सांभाळतात आणि हळूच दुसरी खुर्ची ओढून घेतात. पूर्वी मला त्याचं फार वाईट वाटायचं. आता वाटत नाही. का वाटत नाही, तीच तर माझी गोष्ट आहे.

मी जन्मले तेव्हा अशी नव्हते. मला या घरातल्या थोरल्या सुतारांनी घडवलं. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान होतं आणि मधलं दार दिवसभर उघडं असे. जेवणाच्या टेबलाभोवती ठेवायला त्यांनी आम्हा चार बहिणींना एकाच लाकडातून बनवलं. काम पुरं झाल्यावर त्यांनी एकेकीच्या बैठकीवर काठोकाठ पाण्याने भरलेला पेला ठेवला आणि बोटाने धक्का देऊन पाहिलं. कुणाच्याच पेल्यातला थेंबही सांडला नाही. माझ्याही नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण आज कुणाला ते खरं वाटत नाही.

थोरल्या सुतारांना सात वर्षांचा एक मुलगा होता. त्याचा पाय एका जागी ठरत नसे. एक दिवस वडील चहाला आत गेले आणि दुकानात नवी कोरी करवत भिंतीला लटकत राहिली. ती लाकडात शिरताना कसा आवाज करते, एवढंच त्याला ऐकायचं होतं. समोर मी होते. दुसरी कुणी असती तर आज ती ही गोष्ट सांगत असती. अर्धं बोट लाकूड खाली पडलं तेव्हा तोच माझ्याहून जास्त घाबरला. त्यात खोडसाळपणा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. विचार त्याच्या मागून धावत येतच होता, पण हात आधी पोचला होता.

वडिलांनी त्याला मारलं नाही. त्यांनी त्याला माझ्यावरच बसवलं आणि दिवे लागेपर्यंत हलायचं नाही, एकदाही टक् ऐकू येता कामा नये, असं बजावलं. तो बसला. कसा बसला ते फक्त मलाच ठाऊक आहे. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले, दात आवळलेले, पायांची बोटं मुडपलेली. बाहेर मुलं खेळत होती. वडील काम करता करता त्याला काहीबाही समजावत होते, त्यातला एक शब्दही त्याच्या कानात शिरला नाही. संध्याकाळी त्यांनी विचारलं, चूक कळली का, आणि त्याने मान डोलावली. खरं तर चुकीचा विचार करायला त्याला सवडच मिळाली नव्हती. दुपारभर तो नुसता बसण्याचं काम करत होता.

माझा पाय मात्र थोरल्या सुतारांनी मुद्दाम तसाच ठेवला. असू दे, पोराला आठवण राहील, असं म्हणाले.

मुलगा मोठा झाला, सुतार झाला आणि चांगला सुतार झाला. मी त्याला सात वर्षांचा असल्यापासून ओळखते, म्हणून मी त्याला अजूनही अरेतुरेच करते. तो कधी बसत नाही. रंधा उभ्याने मारतो, चहा फिरता फिरता पितो आणि कप जिथे संपेल तिथे ठेवून देतो. एकदा एका गिऱ्हाइकाच्या नव्या कपाटाच्या खणात निम्मा कप चहा निघाला होता. एका वेळी तीन कामं काढून ठेवतो आणि तिन्ही करतो, फक्त कुठलं कधी होईल ते विचारायचं नाही. त्याने दुरुस्त केलेली खुर्ची पुन्हा डुगडुगली असं सगळ्या गल्लीत कुणी म्हणणार नाही. घरातल्या माझ्याकडे मात्र तो पाहायचा टाळत असे. कुणी आठवण केली की उद्या करतो म्हणायचा. हा उद्या तीस वर्षं चालला.

मग घरात त्याची बायको आली. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, लोकांचे नंबर काढते, चौकटी बसवून देते. पहिल्याच दिवशी ती माझ्यावर बसली, टक् झालं आणि ती हसली. तिने कागदाची घडी करून माझ्या पायाखाली सरकवली. आठ दिवसांत घडी निसटली, आणि मग मला खिडकीशी सरकवून माझ्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात झाली. मित्रांनो, खुर्चीला याहून मोठी अवहेलना नाही. टॉवेलांना कधी बसायचं नसतं, त्यांना तुमची कदरही नसते.

त्या ढिगाऱ्यातून मला सोडवलं ते त्यांच्या मुलीने. तेव्हा ती तीन वर्षांची होती. तिने सगळे टॉवेल जमिनीवर ढकलले, वर चढली, टक् झालं, आणि ती इतकी खूश झाली की जेवण होईपर्यंत उतरली नाही. घरात तेव्हापासून माझं नाव भिंगरीची खुर्ची पडलं. भिंगरी म्हणजे तीच. शाळेच्या वहीवर तिचं दुसरं नाव आहे, पण घरात कुणाला ते चटकन आठवत नाही.

भिंगरीचं मी काय काय सांगू. प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचं उत्तर तयार असतं, आणि पुष्कळदा ते दुसऱ्याच प्रश्नाचं असतं. एक मोजा तिच्या पायात असतो, दुसरा फ्रिजमध्ये सापडतो. घरावरून जाणाऱ्या सगळ्या बसचे नंबर तिला पाठ आहेत, पण डबा कुठे ठेवला ते विचारू नका. शाळेत कुणी रडलं की सगळ्यांत आधी ही उठून त्याच्याजवळ जाते, आणि गणिताच्या मध्येच उठून गेली म्हणून बोलणीही हीच खाते. नऊ ओळींचं शुद्धलेखन चार वाजता सुरू झालं की जेवायची ताटं मांडली तरी सातव्या ओळीवर असतं. त्या सात ओळी तरी कशा झाल्या? माझ्यावर बसून, टक् टक् करत. आवाज चालू असला की पेन्सिल चालू असायची. आई म्हणायची, जरा शांत बस, आणि आवाज थांबला की पेन्सिलही थांबायची. हे फक्त माझ्या लक्षात आलं होतं, आणि मला बोलता येत नव्हतं.

ती दुसरीत गेल्यावर शाळेतल्या बाईंच्या चिठ्ठ्या यायला लागल्या. जागेवर बसत नाही. वाक्य अर्धं सोडते. हुशार आहे पण लक्ष नाही. बाई वाईट नव्हत्या, चाळीस मुलांना एकटीने सांभाळत होत्या. एक दिवस त्यांनी आईला बोलावून घेतलं आणि सांगितलं, भिंगरीची एकदा एडीएचडीसाठी तपासणी करून घ्या. काही मुलांना लक्ष टिकवणं आणि स्वतःला थोपवणं इतरांपेक्षा फार जड जातं, ते नेमकं तसंच आहे का हे जाणकाराकडून कळलेलं बरं. मुली बहुधा वर्ग डोक्यावर घेत नाहीत, त्यामुळे त्यांचं उशिरा कळतं, असंही त्या म्हणाल्या. भिंगरी वर्ग डोक्यावर घेत होती, एवढाच काय तो फरक.

आईने संध्याकाळी हे बाबाला सांगितलं. त्याने रंधा खाली ठेवला नाही.

"मीही लहानपणी असाच होतो. काय बिघडलं माझं?"

आईने त्याला तिच्या दुकानातली गोष्ट सांगितली. महिन्यातून एकदा तरी कुणी आई किंवा वडील मुलाला घेऊन येतात, वैतागलेले असतात, म्हणतात पोरगं आळशी आहे, फळ्यावरचं उतरवून घेत नाही. नंबर काढला तर कळतं की पोराला फळाच दिसत नाही. मग ते आईवडील तिथेच खाली मान घालून बसतात. मला तसं बसायचं नाहीये, असं ती म्हणाली. पण बाबाच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती. त्याच्या दुकानात येतं ते सगळं बिघडलेलं असतं, म्हणून तपासणीला नेणं म्हणजे आपली मुलगी बिघडली आहे हे कबूल करणं.

गाडी पुढे सरकली ती भिंगरीमुळे. त्या दिवशी शाळेत काय झालं ते तिने सांगितलं नाही. ती दप्तरासकट दुकानाच्या दारात उभी राहिली. बाबा एका स्टुलाला पाय जोडत होता. ती बराच वेळ पाहत राहिली, आणि तिच्या मानाने हे नवलच होतं. मग तिने अगदी साधेपणाने विचारलं.

"बाबा, मला दुरुस्त करता येईल का?"

बाबाच्या हातातली हातोडी तशीच राहिली. त्याने काही उत्तर दिलं नाही. संध्याकाळी आईला एवढंच म्हणाला, नंबर लाव. मित्रांनो, मी लाकडाची आहे, पण त्या दिवशी मला रडू आलं.

नंबर लागायला चार महिने लागले. आई जेवणाच्या सुट्टीत दर सोमवारी दवाखान्यात फोन करायची, कुणाची भेट रद्द झाली का म्हणून विचारायची, आणि पलीकडच्या बाई आता तिला आवाजावरूनच ओळखायच्या. मधल्या काळात डोळे तपासून झाले, ते आईनेच तपासले. कानही तपासून झाले. कान तपासणाऱ्या काकांना भिंगरीने बसच्या सगळ्या थांब्यांची नावं सांगितली आणि कान उत्तम असल्याचा कागद घेऊन आली. मग लांबलचक प्रश्नांचे कागद आले, एक घरासाठी, एक शाळेसाठी. आईने आपला भाग पेन्सिलीने, थांबत थांबत भरला. बाबाने आपला भाग तिच्याच पेन्सिलीने, उभ्याउभ्याच भरला. मूल सांगितलेलं विसरतं का, कधीच नाही. जागेवरून उठतं का, कधीच नाही. त्याच्या खुणा एका सरळ रेषेत खाली उतरत गेल्या. शेवटचा प्रश्न होता, आईवडिलांपैकी कुणाला लहानपणी असा त्रास होता का. तिथेही त्याने नाही लिहिलं. मला इतका राग आला की मी आपोआप टक् करीन असं वाटलं, पण माझ्यावर कुणी बसलेलं नव्हतं.

आणि आता या घराची चूक ऐका. अशी चूक सुताराच्याच घरात होऊ शकते. बाबाला वाटलं, तपासणी म्हणजे परीक्षा. परीक्षेची तयारी करावी लागते. त्याने ठरवलं की भिंगरीला नीट बसायला शिकवायचं, म्हणजे डॉक्टर म्हणतील मुलगी छान आहे, जा घरी. मग रोज शाळेनंतर सराव सुरू झाला. आधी पाच मिनिटं, मग दहा, मग वीस. हात मांडीखाली, पाठ ताठ, नजर समोर. आणि सराव पक्का व्हावा म्हणून, तीस वर्षांनी एकदाचा, त्याने माझा पाय जोडला.

काम बाकी अप्रतिम झालं. त्याने अर्ध्या बोटाचा तुकडा कापला, खुंटी घालून सांधला, सरस लावला, पॉलिश केलं. सांधा नखालासुद्धा लागत नव्हता. बैठकीवर भरलेला पेला ठेवला, एक थेंब सांडला नाही. मी पुन्हा जन्मले तशी झाले. शेजारच्या तिघी बहिणींसमोर मी जरा ताठ्यात उभी राहिले, ते का लपवू? मग भिंगरी बसली. ती पुढे झुकली, मागे झुकली, आणि काहीच झालं नाही. तिने खाली वाकून पाहिलं. त्या आठवड्यात शुद्धलेखनाच्या चारच ओळी व्हायच्या, आणि त्याही रडत. माझा ताठा दोन दिवसांत उतरला.

ठरलेल्या दिवशी ती तिघं गेली. तिथे काय झालं ते मी पाहिलेलं नाही, पण परतल्यावर टेबलाशी बसून तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं, त्यातून मी जुळवलं. डॉक्टरबाईंची खोली उजेडाची होती, कोपऱ्यात खेळणी होती. आईबाबा बाजूला बसले. भिंगरी तासभर हलली नाही. हात मांडीखाली, पाठ ताठ, नजर समोर. खेळणी पाहायची का विचारलं तर नको म्हणाली. बाबाची छाती अभिमानाने फुगली होती, हे आईने सांगितलं. मग डॉक्टरबाईंनी तिला हत्तीच्या हरवलेल्या छत्रीची छोटीशी गोष्ट सांगितली आणि विचारलं, छत्री कुणाला सापडली? भिंगरीने मान हलवली. माहीत नाही. हत्ती कुठे चालला होता? माहीत नाही. डॉक्टरबाईंनी हसून विचारलं, गोष्ट आवडली नाही का?

"मी नाही ऐकली," भिंगरी म्हणाली. "मी बसत होते."

मग डॉक्टरबाईंनी विचारलं, बसायचा सराव कुणी करून घेतला का? आईने बाबाकडे पाहिलं. बाबा खिडकीच्या सांध्याकडे पाहत होता. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की पुष्कळ मुलं नव्या जागी, नव्या माणसासमोर तासभर स्वतःला धरून ठेवतात, म्हणून त्या एका तासावरून त्या काहीच ठरवत नाहीत. घरी कशी असते, शाळेत कशी असते, आधीपासून कशी आहे, हे सगळं जुळवून पाहावं लागतं. ही पास होण्याची परीक्षा नाही, उत्तरं खरी लिहा, असं म्हणून त्यांनी घरचा कागद परत दिला. मग त्यांनी भिंगरीला विचारलं, तुला सगळ्यांत जास्त वेळ कुठे बसवतं? ती म्हणाली, माझ्या खुर्चीवर, पण बाबाने ती दुरुस्त केली. डॉक्टरबाईंनी हे नीट लिहून घेतलं आणि सांगितलं, पुढच्या भेटीला तिला रोज आहे तशीच आणा, आणि जमलं तर खुर्चीही आणा.

हे सगळं सांगून झालं, ताटं उचलली गेली, भिंगरी चित्र काढायला पळाली. बाबा टेबलाशीच थांबला होता. मग तो उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि माझ्यावर बसला. सात वर्षांचा असताना बसला होता, त्यानंतर आत्ता. त्याने हात मांड्यांखाली घातले. आईने विचारलं, काय करताय?

"मीही त्या दुपारी बसत होतो," तो म्हणाला, आणि मग त्याने ते सगळं सांगितलं. करवत, आवाज, वडील, दिवे लागेपर्यंतची दुपार. इतक्या वर्षांत त्याने बायकोला हे सांगितलं नव्हतं. मला वाटतं, त्याने स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मग त्याने खोडरबर मागितला. कधीच नाहीच्या सगळ्या खुणा खोडून तो एकेका प्रश्नापाशी थांबला, बायकोला विचारत गेला, मध्ये दोनदा उठला, एकदा चहाचा कप कुठे ठेवला ते शोधून आला. शेवटच्या प्रश्नाला जागा पुरली नाही. त्याने कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहीत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला दुकानात नेऊन आडवं केलं आणि करवत काढली. मित्रांनो, चांगल्या कारागिराला स्वतःचं चांगलं काम मोडताना पाहणं सोपं नसतं. तो दोनदा करवत टेकवून थांबला. भिंगरी शेजारी उड्या मारत होती. शेवटी त्याने डोळे मिटले, उघडले आणि सांध्यावरून तो तुकडा कापून टाकला. मला उभं केलं, भिंगरी वर चढली, टक् झालं. बाबा म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाइक खूश झालंय आणि काम वाईट झालंय.

दुसऱ्या भेटीला मीही गेले. बाबाने मला खांद्यावर घेतलं आणि आम्ही बसमध्ये चढलो. बस भरलेली होती. ड्रायव्हर आरशातून पाहून म्हणाला की घरून खुर्ची घेऊन येणारे शहाणे प्रवासी त्याला आजच भेटले. एका आजींना जागा नव्हती, बाबाने मला त्यांच्यासाठी खाली ठेवलं. त्या बसल्या, टक् झालं, बस वळली, पुन्हा टक् झालं, आणि भिंगरीने त्यांना समजावलं की घाबरू नका, ती पडत नाही, ती फक्त बोलते. इतक्या लोकांसमोर माझं कौतुक पहिल्यांदाच झालं.

डॉक्टरबाईंच्या खोलीत भिंगरी माझ्यावर बसली. या वेळी कुणी हात मांडीखाली घ्यायला सांगितलं नव्हतं. ती डुलली, दोनदा उतरली, खेळण्यांकडे जाऊन आली, खिडकीतून दिसलेल्या बसचा नंबर सांगितला. गोष्ट या वेळी हरवलेल्या बुटाची होती. ती तिने टक् टक् करत ऐकली, मधल्या एका प्रश्नाला मात्र बसबद्दलच बोलली. डॉक्टरबाई तिच्याकडेच पाहत होत्या, माझ्याकडे नाही, आणि ते बरोबरच होतं. मग त्यांनी शाळेचा कागद पुढे घेतला. बाईंनी चिठ्ठ्यांपेक्षा फार वेगळं लिहिलं होतं. गणितं उभ्याने सोडवते आणि बरोबर सोडवते, असंही एक वाक्य होतं. मग बाबाचा कागद त्यांनी दोन्ही बाजूंनी वाचला.

वाचून झाल्यावर त्यांनी सांगितलं, हो, हे एडीएचडीच आहे. आईने मान डोलावली. बाबाने माझी पाठ घट्ट धरली, ती मला दुखेपर्यंत धरली. डॉक्टरबाई भिंगरीशी वेगळं बोलल्या. तुझ्याकडे लक्ष कमी नाही, असं त्या म्हणाल्या, ते कुठे ठेवायचं हे ठरवायला तुला इतरांपेक्षा जास्त मेहनत पडते. त्यात तुझी चूक नाही, तुझ्या आईबाबांचीही नाही. भिंगरीने थोडा विचार केला.

"म्हणजे माझ्या लक्षाला नंबर आहे."

डॉक्टरबाई हो म्हणाल्या. आईने आपला चष्मा काढला आणि पदराने पुसत बसली. तो मुळीच मळलेला नव्हता.

पुढे काय करायचं तेही बोलणं झालं. अभ्यासाचे छोटे तुकडे करायचे, एका वेळी एकच गोष्ट सांगायची, आईबाबांनीही काही वर्ग करायचे, शाळेशी बोलायचं, आणि औषधाची गरज वाटली तर त्याचा विचार पुढे सगळ्यांनी मिळून करायचा. बाबाने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, अशी खुर्ची बसवली की भागेल का? डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, थोडी मदत होईल, पण खुर्ची म्हणजे उपाय नव्हे. मला ते लागलं नाही. मी औषध नाही, डॉक्टर नाही, मी खुर्ची आहे, आणि आपल्याला काय येत नाही ते वेळेवर कळलेलं बरं.

परतताना बसची वाट पाहायची होती. भिंगरी माझ्यावर बसली, बाबा तिच्यासमोर उकिडवा बसला.

"तू मला एकदा एक विचारलं होतंस. मी उत्तर दिलं नव्हतं."

"कुठलं?" तिने विचारलं, कारण ती रोज शंभर विचारते.

"तुला दुरुस्त करता येईल का म्हणून. दुरुस्तीला मी बिघडलेल्या वस्तू घेतो. तुला कशाला घेऊ?"

भिंगरी पुढे झुकली, टक् झालं, आणि तिने बाबाच्या गळ्यात हात टाकले. मग बस आली आणि तिचा नंबर तिने आधी सांगितला.

याला आता वर्ष होत आलं. शुद्धलेखन तीन-तीन ओळींचं करून जेवणाआधी संपतं, निदान आठवड्यातून चार दिवस. वर्गात मागे एक उंच मेज ठेवलं आहे, तिथे उभं राहून लिहिता येतं, आणि तिथे आता आणखी दोन मुलंही उभी असतात. मोजा अजून फ्रिजमध्ये सापडतो. बाबाचे कप अजून सापडतात. टॉवेल मात्र माझ्यावर पुन्हा कधी आले नाहीत, त्यांना माझ्या एका बहिणीवर जागा मिळाली आहे.

परवा दुकानात एक गृहस्थ छोटी खुर्ची घेऊन आले. फार डुगडुगते, पाय सरळ करून द्या, म्हणाले. बाबाने काटकोन तपासायचा गुण्या हातात घेतला, खुर्ची उलटी केली, आणि मग थांबला.

"हिच्यावर कोण बसतं?"

"आमचा धाकटा. सारखा हलत असतो हो."

बाबाने खुर्ची पुन्हा सरळ केली आणि म्हणाला, उद्या त्यालाही घेऊन या. गृहस्थ बुचकळ्यात पडले. मधल्या दारातून मी सगळं ऐकत होते.

मित्रांनो, मला रंग द्या, देऊ नका, उन्हापावसात ठेवू नका म्हणजे झालं. पण माझं एवढं एक मागणं आहे. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कुणी एका जागी ठरत नसेल, तर त्याला शांत बस म्हणण्याआधी एकदा त्याच्याजवळ जाऊन विचारा की बसताना त्याला काय काय करावं लागतं. मी एका घरात दोघांना तसं बसताना पाहिलं आहे. पहिल्याला कुणीच विचारलं नाही.